निळ्या शिडाची होडी

१६ मार्च

ही होडी कशासाठी? मला सांगता येत नाही.

बाने आज भाकरी खाता खाता विचारलं. "मासं धरत नाय, माणसं पल्याड नेत नाय, लाकडं वाहत नाय. निस्ती पळती, आन् निघाली तिथंच परत येती. मंग कशाला गं?"

घरातली पहिली पदवीधर मी, आणि नुसती भाकरी वाढत राहिले! "शर्यतीसाठी" म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, शर्यत कशाला.

शिमग्याला घरी आलेली माणसं अजून पाड्यात आहेत. येता-जाता होडीवर टकटक करतात. सूर्यमाळच्या डोंगरावर, प्यायला पाणी नाही तिथे, अंगणात पालथी होडी! दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते.

१८ मार्च

रविनाची दहावी काल संपली. आज सकाळी सहालाच दारात. काकाची ही मुलगी म्हणजे माझी अर्धी होडी. ही दोघींची होडी आहे, एकटीने चालतच नाही. तळाला वजन नसतं. वारा शिडाला लोटतो, तेव्हा एकीने पट्ट्यात पाय अडकवून बाहेर झुकायचं, पाठ पाण्याला टेकेपर्यंत. माणूसच तिचं वजन.

तिला होडीची गोष्ट सांगितली. नाव एंटरप्राइज. सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडात एका वर्तमानपत्राला वाटलं, साध्या नोकरदार माणसाला घरच्या घरी बांधता येईल अशी शर्यतीची होडी असावी. प्लायवुडचा ताव एकाच बाजूला वाकतो. म्हणून तळ गोल नाही, सपाट फळ्या कोनात जोडलेल्या. वजन जेमतेम नव्वद-पंच्याण्णव किलो. शिडं निळी, लांबून ओळखू यावीत म्हणून. आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून ऐन हिवाळ्यात रात्री दोन होड्या इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला गेल्या!

"घरी बांधली?" रविना म्हणाली. "मंग शिरमंताची नाय ही."

हेच! हेच मला बाला सांगता आलं नाही.

१९ मार्च

रविनाच्या आईने, नवशी काकीने, होडीच्या पाठीवर मोहाची फुलं वाळत घातली. म्हणाली, "उन्हाला बेस हाय गं तुझं गलबत." रागावले, पण फुलं उचलली नाहीत.

२४ मार्च

धरणावर पुन्हा नकार. रखवालदार तसा बरा माणूस. "बाई, हे मुंबईला प्यायला जातं. यात होडी घालता येत नाही. साहेब ऐकणार नाहीत." दिवाळीनंतर चार दिवस त्याने डोळेझाक केली होती, तेवढंच आमचं पाणी. त्या चार दिवसांत रविना वारा गालावर ओळखायला शिकली. मला दोन वर्षं लागली होती, कॉलेजच्या नौदल एनसीसीत.

आमच्या टेकडीवरून धरण दिसतं. दुपारी चमकतं. आई तिकडे पाठ करून बसते.

२ एप्रिल

सरांचा फोन! माझे एनसीसीचे सर, ही जुनी होडी त्यांनीच दिली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मुंबईत नवख्यांची शर्यत आहे. टेम्पो ते पाठवणार. रविनाचं वजन विचारलं. मी म्हटलं, अडतीस. सर म्हणाले, "वा! सकाळच्या मंद वाऱ्यात अशी मुलगी म्हणजे सोनं."

दिवसभर खूश होते.

३ एप्रिल

होडी सुलटी केली. भाताच्या पेंढ्यावर बसवली, अंगणातच सराव. मी दोरी ओढते, ओरडते "वारा आला!", रविना मागे झुकते. सगळा पाडा बघायला. टँकरवाला भिका थांबून ओरडला, "काय कॅप्टन, मुंबई आली का?" रविना लटकूनच म्हणाली, "आली, उतर खाली, भाडं दे!" हसून हसून माझी दोरी सुटली आणि ती पेंढ्यात पडली.

पोरांनी गंमत म्हणून कळशीभर पाणी आत ओतलं, तेव्हा मी खेकसले. सरांनी बजावलंय, जमिनीवर असताना आत पाणी साठू द्यायचं नाही. पाण्यात बाहेरून सगळीकडून दाब असतो, म्हणून एवढी पातळ फळी टिकते. जमिनीवर आतून भरली तर सांधे उघडतील.

८ एप्रिल

विहिरीने तळ गाठला. आता टँकर दोन दिवसांनी येतो आणि पाणी विहिरीत सोडतो. दुसरी जागाच नाही. अर्धं खडकात मुरतं, उरलेलं गढूळ. पोहरा बुडत नाही एवढं उथळ. मग एका मुलीला दोराने खाली सोडतात. ती वाटीने पोहरा भरते, वरून ओढतात.

टँकरचं पाणी साठवायला टाकी मिळावी म्हणून मोखाड्याला, पंचायत समितीत, तिसऱ्यांदा जाऊन आले. साहेब म्हणाले, "बघू."

१२ एप्रिल

रविना पडली.

१३ एप्रिल

काल लिहवलं नाही.

तिला खाली सोडलं होतं. टँकरचं पाणी पडून कडेचे दगड सुटले होते, त्यातला एक निसटला. तिचा दोर घसरला. शेवटचं पुरुषभर अंतर उरलं असताना खाली पडली. उजवं कोपर. जीपने जव्हारला नेलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. रस्ताभर एकच विचारत होती, "ताई, शर्यतीपतुर हाड बसल ना?"

मी "हो" म्हटलं.

डॉक्टरांनी दोन महिने सांगितले.

१४ एप्रिल

काकी माझ्याशी बोलत नाही. माझा काय दोष? असं मनात आलं, आणि मग वाटलं, दोष शोधायला तरी कुणी सापडायला हवं ना तिला. टँकरला बोलून काय होणार? खडकाला?

रविनाचं प्लास्टर केवढं जाड. तिच्यापेक्षा तेच जड दिसतं.

१५ एप्रिल

सरांना कळवलं. वाईट वाटलं त्यांना, खरंच वाटलं. मग म्हणाले, "अजून बारा दिवस आहेत. दुसरी कुणी हलकी मुलगी बघ."

फोन ठेवून विहिरीवर गेले. टँकर येऊन गेला होता. बायका काठावर उभ्या, आत कुणी उतरायला नाही. दोर हातात धरून बा म्हणाला, "आता दुसरी हलकी पोर बघा."

जवळजवळ तेच शब्द.

शेजारच्या पोशीला उतरवलं. नऊ वर्षांची. दोर तिच्या कमरेला दोनदा गुंडाळावा लागला.

अडतीस किलो. मी खूश झाले होते! सोळा वर्षांची मुलगी अडतीस किलो का असते, हे मी एकदाही विचारलं नाही. मी, इथलीच.

१६ एप्रिल

आजही पोशीलाच उतरवलं. वर आली. कान, नाक, सगळं चिखलाने भरलेलं. तिच्या आईने पदराने पुसलं आणि पुन्हा सोडलं.

मी काठावर उभी होते. दोर धरायला हात लावला. एवढंच करू शकले.

१७ एप्रिल

काही नाही. ऊन.

१८ एप्रिल

रविना अंगणात आली, डाव्या हाताने होडीवरची धूळ पुसली. "पुढल्या वर्सी," म्हणाली. "पुढल्या वर्सी मी जड बी हुईन थोडी. मंग जोराच्या वाऱ्यात बी चालंल."

मी तिच्याकडे बघू शकले नाही.

२० एप्रिल

होडी पुरली. काल दिवसभर बा आणि मी विहिरीशेजारी खणत होतो. कडेपर्यंत मातीत बसवली, बाहेरून माती ठोकून घट्ट केली. पाण्याने द्यायचा दाब आता माती देईल. होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची जी मधली फळी, तिची पेटी तळाला उघडी असते, पण तिच्या तोंडापर्यंत पाणी चढू दिलं नाही तर थेंबही जात नाही. वर निळं शीड ताणलं, कचरा पडू नये म्हणून.

आज सकाळी भिकाने पाईप तिच्यात सोडला. बायकांनी उपसली की पुन्हा भरत होता, टँकर संपेपर्यंत थांबला. विहिरीत कुणी उतरलं नाही. पोशी शिडाखाली सावलीत बसली होती.

बाने पहिला हंडा भरून रविनाच्या घरी नेला. रविनाने त्याला विचारलं, निळं काय दिसतंय तिकडं?

होडी पुरण्याआधी तिला मी विचारलं नव्हतं.