नायट्रोजन नसलेलं प्रोटीन

प्रिय आक्का,

गेल्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. तो पावडरवाला गुरुजी आला, दोनदा बासुंदी मागून जेवला आणि जाताना तुझ्या तेजूच्या हातात तोच पावडरीचा डबा ठेवून गेला. वर म्हणाला, "तुझ्या आईनं अर्ध्यात सोडलं, तू नियमानं घे." म्हणजे चूक तुझीच! त्या निर्लज्जपणाची शिसारी आली, म्हणून लिहितेय.

तुला साखरेचा आजार, आणि ह्यानं तुझी भाकरी सोडवून सकाळ-संध्याकाळ ते पांढरं पाणी प्यायला लावलं. डब्यावर लिहिलेलं, 'शुद्ध प्रोटीन, डीएनए दुरुस्त करते'. डीएनए म्हणजे ह्याला स्कूटरचं पंक्चर वाटलं का?

तुला मी किती सांगितलं! कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यांतच असतात. साखरेत, पिठात मुख्यतः एवढंच. तेला-तुपातही तेच, फक्त ऑक्सिजन अगदी थोडा. प्रोटीन म्हटलं की नायट्रोजन हवाच, आणि डीएनएला तर वर फॉस्फरसही. तू हसलीस. "तुझं ते कॉलेजात शिकीव. मला गुण येतोय की!"

कसला गुण गं? साखर चढत गेली आणि तू डॉक्टरांऐवजी त्या भामट्याला फोन करत राहिलीस. त्याचा राग मला अजून आहे.

तेजूला दिलेला तो डबा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. एका नळीत आयोडीनचा थेंब टाकताच काळंनिळं झालं. नुसता पिठातला स्टार्च! प्रोटीन असतं तर दुसऱ्या नळीत मोरचूद आणि कॉस्टिक सोडा घातल्यावर जांभळा रंग आला असता. आला नाही.

दोन्ही नळ्या घेऊन दाजींबरोबर त्याच्या कळंब्यातल्या सभेला गेले. सगळ्यांसमोर विचारलं, "पावणं, ह्यात नायट्रोजन कुठं हाय?"

"मॅडम, आमचा नायट्रोजन नैसर्गिक हाय. तपासात दिसत न्हाय."

आणि लोकांनी माना डोलावल्या! कीव करावी की थुंकावं?

मग दाजी उठले. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला तुझा नवरा! म्हणाले, "माझी बायकू बी दिसत न्हाय मला. ती बी नैसर्गिकच काय रं?"

एक बाई उठली, डबा त्याच्या टेबलावर आपटून निघाली. मागोमाग बाकीचेही.

तक्रार दिलीय. तो आजऱ्याकडं सटकलाय म्हणे. सटकू दे. तिथल्या शाळांत माझे विद्यार्थी शिकवतात, त्यांना कळवलंय. आक्का, तो जिथं डबा उघडेल तिथं कुणीतरी आयोडीन घेऊन समोर उभं असेल. हा माझा शब्द.

तुझ्यावर रागावलेली,
सुमी