सुमीची स्लाइड

११ नोव्हेंबर
सुमी सकाळी होळी गावाहून माझ्या लॅबमध्ये आली. लेक चिमी कडेवर. हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर निळे डाग, जिना चढली की धाप. "बाळंतपनापासून अशक्तपना हाय गं, ताय. बाकी काय नाय."
रक्त मीच काढलं. बोळा दाबून धरला तरी थांबेना. मशीनवर प्लेटलेट फारच कमी, पांढऱ्या पेशी भरमसाट. मशीन चुकतं कधी कधी. म्हणून स्लाइड केली, रंगवली, डोळा लावला आणि...
ब्लास्ट, पूर्ण न वाढलेल्या पेशी. सगळीकडे. एकीत तर ती बारीक लाल काडी, जी दिसली की निदानाबद्दल शंका उरत नाही. शिकत असताना परीक्षेत ही काडी ओळखली होती, तेव्हा केवढी खूश झाले होते मी.
आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "पेशंट कोण?"
"माझी धाकटी बहीण."
त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.
बाहेर सुमी चिमीला पाजत बसलेली. "झाला का? निघू? भाजी काढायची हाय."

१२ नोव्हें.
होळी. सुमीचा नवरा नरेश पालकाच्या वाफ्यात होता. त्याला बांधावरच सांगितलं, रक्ताच्या पेशी हाडातल्या मगजात तयार होतात, तिच्या तयार व्हायच्या आधीच बाहेर येतायत, म्हणून कामाच्या नाहीत. तो म्हणाला, "म्हंजे कच्च्याच तोडल्यासारख्या?" हो म्हटलं. मग त्यानेच तो शब्द उच्चारला. कॅन्सर. हातातली जुडी बांधत राहिला.
सुमीला सांगायचं माझ्यावर आलं. "मना खरा सांग, ताय." सांगितलं. ती आधी म्हणाली, "चिमीला तर नाय ना लागनार?"

१४ नोव्हें.
मुंबईचं हॉस्पिटल. मगज काढून तपासला. तेच. उद्यापासून औषध, चार-पाच आठवडे आत. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू झालं की अंगावर पाजायचं नाही.
दुपारी पडदा ओढून तिने पाजलं. चिमी पोट भरून झोपली तरी सुमी सोडेना. नर्स दोनदा डोकावून गेली. शेवटी सुमीच म्हणाली, "घे. मी नाय काढू शकत. तू काढ."
मी काढलं.

१७ नोव्हें.
चिमी आमच्याकडे. बाटली तोंडात धरत नाही. माझ्या गाऊनला तोंड घासते. वाटी-चमच्याने थोडं गेलं. हे तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरतात. दोघं रडत असतात.

२३ नोव्हें.
सुमीला रक्ताची लाल पिशवी, वर प्लेटलेटची पिवळी. प्लेटलेट लवकर संपतात, टिकतच नाहीत. नरेशने दिल्या, होळीतून टेम्पो भरून माणसं आली. फुलवाल्या वहिनींचं हिमोग्लोबिन कमी, परत पाठवलं, तर दारातच भांडल्या. ऐकून सुमी हसली. "अख्ख्या होळीचा रगत माझ्यात. आता भांडू कोनाशी?"
केस गेले. कपाळ आईसारखं दिसतं.

३० नोव्हें.
ताप. पांढऱ्या पेशी जवळपास नाहीतच. काचेबाहेरून पाहिलं. ओळख पटली की नाही, कळलं नाही.

४ डिसेंबर
ताप उतरला.
लॅबमध्ये हजर झाले. एका म्हाताऱ्या बाबांची स्लाइड. सगळं ठीक होतं. तरी पुन्हा पुन्हा बघत बसले, संशय जाईना. मॅडमनी हळूच ट्रे उचलला. "चहा घेऊन ये आधी."

१५ डिसें.
पुन्हा मगजाची तपासणी. ब्लास्ट कमी झालेत. गेलेले नाहीत. औषधाचा दुसरा फेरा द्यायचा. नंतर बहिणीचा, म्हणजे माझा, मगज जुळला तर तो तिला...
माझं रक्त घेतलं. कॉटन दाबून बसले आणि देवाला काय म्हणावं तेच सुचेना.
नरेश म्हणाला, "ताय, जुळेल ना?" सख्ख्या बहिणीचाही जुळेलच असं नसतं. हे मला ठाऊक आहे. त्याला फक्त "बघू" म्हटलं.

२१ डिसें.
आज सकाळी चिमी स्वयंपाकघराच्या दारातून चालत माझ्यापर्यंत आली. कशालाही न धरता. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, ती दचकून बसली, परत उठली, परत चालली. मी ओट्याला टेकून रडत होते.
संध्याकाळी सुमीचा व्हिडिओ कॉल. आवाज बारीक झालाय. ओठांना फोड आलेत.
"उभी राहते का गं?"
"धरून धरून," मी म्हटलं.
"सांग तिला, आई येते. तवर नको चालू म्हनावा."
चिमी खोलीभर तुरुतुरु फिरत होती. मी तिला पटकन मांडीवर ओढलं, पाय घट्ट धरून ठेवले, आणि फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला.