उजवलेल्यांना पुन्हा स्थळं

राजारामपुरी, कोल्हापूर
बुधवार

तीर्थस्वरूप दाजींना मृत्युंजयचा शरणार्थ, आणि अक्काला त्याहून थोडा जास्त.

गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की नुसती बाटली बघता? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत न्हाय आणि आज मला सगळं बोलायचंय. आधीच सांगतो, काळजी करू नका, संकट टळलं. आप्पांनी काढलेलं आपलं वधू-वर केंद्र अजून उघडं हाय. सोमवारी मात्र कुलूप लावायची वेळ आलती.

झालं असं की, जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला म्हणून नवा घेतला आणि डेटाबेसही नव्या आवृत्तीचा बसवला. (डेटाबेस म्हणजे आपली स्थळांची वहीच, फक्त तिच्यावर चहा सांडत न्हाय.) लग्नसराईच्या तोंडावर मी दरसाल करतो तेच केलं. ज्यांची लग्नं व्हायचीत त्यांची नवी यादी केली. जुन्या यादीतल्या बहुतेकांची लग्नं झालीत; तिचं नाव होतं ‘स्थळे’, ते बदलून ‘उजवलेली’ केलं आणि ‘स्थळे’ हे नाव नव्या यादीला दिलं. आता यात कुणाच्या बापाचं काय गेलं? पण नव्या आवृत्तीत एक अतिशहाणी सोय आपोआप चालू झालेली. तुम्ही एखाद्या यादीचं नाव बदललं की ती जिथं जिथं वापरलीय तिथं तिथं जाऊन गुपचूप नवं नाव घालायचं! त्यामुळं लोकांना जुळणारी स्थळं मेसेजनं कळवणारी व्यवस्था ‘स्थळे’ सोडून निमूटपणे ‘उजवलेली’च्या मागनं गेली. मी बटण दाबलं, हात जोडले आणि जेवायला बसलो.

पहिला घास तोंडात आणि फोन. गडहिंग्लजचे एक सद्गृहस्थ. म्हणाले, “माझ्या बायकोला स्थळ सांगतोस व्हय रं? पोरगं शाळेत जातंय आमचं!” त्यांच्या मागोमाग एक बाई. त्यांच्या भाचीला आम्ही सुचवलेला मुलगा त्याच भाचीचा नवरा निघाला. (गुण मात्र छान जुळलेत, हे मी त्यांना सांगायला नको होतं.) ताट तसंच राहिलं. दाजी, खरं सांगतो, आप्पांच्या नावावर लोक डोळे झाकून पोरी देत आलेत आणि मी एका दुपारीत त्या नावाचं वाटोळं करायला निघालतो.

वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास घेणाऱ्या मोना मॅडमना खाली बोलावलं. त्यांनी आधी मला गप्प बसायला सांगितलं (सगळेच सांगतात). मग ती आपोआप नावं बदलायची सोय बंद केली, मेसेजची गाठ पुन्हा नव्या यादीशी मारली आणि पहिला मेसेज माझ्याच फोनवर पाठवून बघितला. आली की हो बिनलग्नाची मुलगी! इतका आनंद मला माझं लग्न ठरल्यावरही झाला नव्हता. (हे अक्काला वाचून दाखवू नका, ती आमच्या घरी सांगते.) मग ज्यांना ज्यांना चुकीचे मेसेज गेलते, त्यांना फोन करून माफी मागितली. लोक भले हाईत, हसले आणि सोडून दिलं. काल रात्री मेल्यासारखा झोपलो.

तब्येतीला जपा.

आपला मेहुणा,
मृत्युंजय

ता.क. माफी सगळ्यांची मागितली, एक इचलकरंजीचे यंत्रमागवाले पावणं सोडून. त्यांच्या मुलीचं अजून जमायचंय, पण नाव जुन्या यादीतही राहिलेलं; तिच्यासाठी तुमच्या सम्राटचं स्थळ गेलंय. त्यांना ते इतकं पसंत पडलं की मला तोंड उघडता आलं न्हाय. रविवारी सहकुटुंब तुमचं घर बघायला येतायत. तेवढं जरा तुम्हीच समजावून सांगा, तुमच्या शब्दाला वजन हाय.

ता.ता.क. रविवारीच सूनबाईचं डोहाळजेवण हाय, हे अक्कानं आत्ता फोनवर सांगितलं. मी येणारच होतो हो, पण रविवारी मला ताप येणार हाय.