पुस्तकात नसलेली वाक्यं

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

डॉक्टरने पुन्हा टॉर्च मारून घसा पाहिला. स्वरतंतूवरची गाठ तशीच आहे. अजून दोन महिने तोंड उघडायचं नाही — कुजबुजसुद्धा नाही! वर विचारतो, "नामांतर दिनाच्या सभेला माईक नव्हता का?" होता. तो मध्येच बंद पडला आणि मी थांबलो नाही, एवढंच.

दोन महिने म्हणजे एप्रिल. संघप्रियाची टी.वाय.ची परीक्षा पाच एप्रिलला सुरू होते. राज्यशास्त्राच्या त्या जाड्या इंग्रजी पुस्तकाची सहा प्रकरणं अजून वाचायची आहेत. तिला दिसत नाही, पुस्तक ब्रेलमध्ये नाही, तिच्या आईला, कांताला, इंग्रजी येत नाही. जूनपासून दर रविवारी मीच मोठ्याने वाचून टेप करून देतोय. अकरा कॅसेट झाल्या. आता कोण वाचणार?

११ फेब्रुवारी

कांता जेसल पार्कवरून धावतपळत आली. प्रिलिमचा निकाल! राज्यशास्त्र — शंभरपैकी एकतीस. पेपर माझ्या हातात दिला. प्राध्यापकाने तीन ठिकाणी लाल शाईने लिहिलंय, "हे पुस्तकात नाही."

नाही कसं? मी स्वतः वाचून दाखवलंय तिला!

"वाल्मिकभाऊ, तिचा मामा म्हणतोय, एप्रिलात नापास झाली तर जालन्याला आणून सोड. इथं उगाच कशाला ठेवती? पोरगी म्हणते, मी मेले तरी जाणार न्हाई. मी कुणाचं ऐकू?"

पाटीवर लिहिलं — मी बघतो. खडू मोडला. रागाने.

१२ फेब्रुवारी

प्रिन्सिपॉलला पत्र. चार पानं. सगळं आता पाठ आहे. "आमची मुलगी बरोबर लिहिते आणि तुमच्या प्राध्यापकांना ते दिसत नाही. आंधळं कोण?" आडनाव पाहून मार्क देण्याचे दिवस संपले, हेही बजावलं. रजिस्टरने पाठवलं. कालपासून पहिल्यांदाच नीट जेवलो.

१६ फेब्रुवारी

ऑगस्टीनकडे गेलो. उत्तनचा माझा जुना दोस्त, सिल्व्हर पार्कात कॉम्प्युटर क्लास चालवतो. पाटीवर अडचण लिहिली. त्याने कपाटातून एक सीडी काढली. "हा प्रोग्राम वाचतो. तू टाईप कर, हा बोलेल. अमेरिकन हाय, ब्रिटिश हाय. कोण पायजे?"

अमेरिकन ऐकला — तोंडात काहीतरी चघळतोय असं वाटतं. ब्रिटिश स्वच्छ आहे. एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा. संघप्रियाला तोच समजेल. पण माझ्या अंगावर काटाच आला! पन्नास वर्षांपूर्वी ज्याला घालवला तोच येऊन आमच्या मुलीला लोकशाही शिकवणार?

ऑगस्टीन हसायला लागला. "वाल्मिक, गोऱ्याकडून काम करून घेतोस ना फुकटात? मग झालं तर! आमच्या आज्याला तर ही मजा कधी मिळाली न्हाय."

२१ फेब्रुवारी, रविवार

ऑगस्टीनची भाची क्लेअर टाईप करते, मी पुस्तकाशी ताडून पाहतो, मग कॉम्प्युटरची वायर टेपरेकॉर्डरला जोडून कॅसेट भरतो. गोऱ्याला दम लागत नाही. पाणी मागत नाही. मात्र तळटीपेचा आकडा वाक्यात आला की तोही त्याच गांभीर्याने वाचतो — "लोकसभा सतरा". पंचायत म्हणताना तर त्याचे फारच हाल होतात. क्लेअर हसून हसून टाईप करायची थांबते.

पहिली कॅसेट संघप्रियाला ऐकवली. ती मान तिरकी करून ऐकत राहिली. म्हणाली, "काका, हा माणूस कुणावरच चिडत नाही."

हे कौतुक की तक्रार? काही केल्या डोक्यातून जात नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

सकाळी माझी जुनी चार नंबरची कॅसेट लावली. खरं कारण लिहितो — गोऱ्यापेक्षा मी किती बरा वाचतो ते ऐकायचं होतं. पुस्तक मांडीवर उघडं. ग्रामपंचायतीचं प्रकरण. लेखक लिहितो, गाव हा लोकशाहीचा पाया आहे. मी वाचलं. आणि मग टेपमधला माझा आवाज पुढे म्हणाला — "त्या गावाच्या वेशीबाहेर कोण राहत होतं आणि विहिरीवर कोणाला येऊ देत नव्हते, ते आधी सांगा!"

पुस्तकात हे वाक्यच नाही.

पान उलटलं, मागे गेलो, पुन्हा ऐकलं. नाही! माझं आहे. मी वाचता वाचता बोललोय — छान इंग्रजीत, न अडखळता, लेखकाच्याच थाटात. आणि मला पत्ताच नाही.

प्रिलिमचा पेपर काढला. लाल शाईच्या तीन जागा. तिन्ही माझ्या.

२ मार्च

अकराही कॅसेट पुस्तक समोर धरून ऐकल्या. माझी त्रेचाळीस वाक्यं. काही तर चांगलीच आहेत. म्हणूनच जास्त भीती वाटते. तिचं पाठांतर जबरदस्त, एकदा ऐकलं की कायमचं. लेखक कुठला आणि मी कुठला, हे त्या मुलीने कशावरून ओळखायचं? तिला मी अडकवलं. शत्रूने नाही — मी!

४ मार्च

प्रिन्सिपॉलचं उत्तर आलं. दोनच ओळी, अतिशय सभ्य. "कृपया पृष्ठ क्रमांक कळवावा. मार्क तत्काळ वाढवले जातील."

पृष्ठ क्रमांक!

५ मार्च

पत्र मागे घेतलं. प्राध्यापकांची माफी मागितली. इतकं छोटं पत्र मी आयुष्यात लिहिलेलं नाही. पोस्टाच्या पेटीपाशी दोनदा जाऊन परत आलो, तिसऱ्यांदा टाकलं.

९ मार्च

जुनी प्रकरणंही गोऱ्याच्या आवाजात पुन्हा भरतोय. क्लेअर बिचारी दिवसभर टाईप करते. पण नुसती नवी कॅसेट देऊन भागणार नाही. जुनी तिच्या डोक्यात आहे. सांगावंच लागेल. कसं? तोंड बंद, पाटी तिला दिसत नाही. कांताकडून वाचून घेतलं तर ती जे बोलायचं ते बोलेलच — पण जालन्याला फोनही करेल. कॅसेटच खोट्या म्हणून मामा पोरीला घेऊन जाईल.

ऑगस्टीनला लिहून दाखवलं. त्याने मिशी ओढली. "आम्हाला कन्फेशनला फादर लागतो. तुला हा गोरा हाय की. घाल त्याच्या तोंडात."

१० मार्च

कांता रस्त्यात भेटली. "पोरगी बरी शिकतीय ना, भाऊ?" मान हलवली. हो म्हटलं की नाही, मलाच माहीत नाही.

१४ मार्च, रविवार

सांगितलं.

संघप्रियाला क्लासमध्ये बोलावलं. इंग्रजीत बारा ओळी टाईप केल्या, खाली ती त्रेचाळीस वाक्यं. पहिल्या मसुद्यात चाळीस होत्या. त्यातल्या अठ्ठावीस परिस्थितीवर होत्या, त्या काढल्या. ऑगस्टीनने कॅसेट भरायला लावून बटण दाबलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

आणि लंडनचा तो गुळगुळीत आवाज म्हणाला — मी वाल्मिक बोलतोय. तुझ्या कॅसेटमध्ये त्रेचाळीस वाक्यं माझी आहेत. प्रिलिमचे मार्क माझ्यामुळे गेले. मला क्षमा कर. ती त्रेचाळीस पुढे वाचून दाखवतो. ती विसर.

माझ्या वाक्यांवर तो जराही वर चढला नाही. वेस, विहीर, स्वल्पविराम, सगळं एकाच पट्टीत. हजारोंच्या सभा मी हलवल्यात. आज माझंच भाषण भाजीची यादी वाचावी तसं ऐकलं.

संघप्रियाने हात पुढे केला. "ती कॅसेट मला द्या," एवढंच म्हणाली. पांढरी काठी घेतली आणि गेली.

१५ मार्च

निरोप नाही.

१६ मार्च

निरोप नाही. कांताच्या दारापर्यंत जाऊन आलो. आतून गोऱ्याचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मागे जायचा, पुन्हा सुरू. बेल वाजवली नाही.

१७ मार्च

संघप्रिया एकटीच आली. उभ्या उभ्याच बोलली. "काका, मला आधीपासून माहीत होतं. वाचताना तुम्ही बसलेले असता. स्वतःचं सांगायचं झालं की उठता — टेपमध्ये खुर्ची करकरते, आवाज वरून येतो. प्रिलिमला मी ती वाक्यं मुद्दाम लिहिली, पटली म्हणून. आता आधी पुस्तकातलं लिहीन आणि खाली ती, माझं मत म्हणून. पण त्या गोऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यातली दोन पटेनाशी झाली. ती काढली."

कोणती दोन? माझी खुर्ची करकरली.

"बसा," ती म्हणाली. "परीक्षा झाली की भांडू."