ढोकीत उच्चारलेलं पहिलं ‘नाही’

धाराशिव, सोमवार

ती. सत्यभामाअक्कांना धाकट्या महेश्वरीचा शरणार्थ.

परंड्याची थंडी तुमच्या गुडघ्यांना मानवत नाही हे ठाऊक आहे; तेल चोळून घेत असाल. भावजींचा खोकला कसा आहे? (फोनवर तुम्ही मला मध्ये बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.) माझी तब्येत उत्तम आहे. काल मी एक लढाई जिंकले आणि वर चार पेढे खाल्ले.

तुम्ही आणलेल्या जळकोटच्या स्थळाबद्दल लिहिते. आपल्या शंभुलिंगाच्या अर्पिताला बघून ती मंडळी गेली, त्याच संध्याकाळी पोरीनं बापाला सांगितलं, की मला हे लग्न नको. मुलगा वाईट नव्हता, पण कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडायची अट तिला मान्य नव्हती. विषय इथंच संपायला हवा होता. पण आपल्या भावानं जळकोटला फोन करून काय सांगावं? “कळवतो!” मी म्हटलं, अरे, आता कळवायचं काय राहिलंय? तर म्हणे, ताई, पाहुण्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं, शहाण्याला समजतं. (हा शहाणा कुठं राहतो ते मला आजवर कळलेलं नाही. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरना हो किंवा नाही सोडून तिसरं उत्तर दिलं की हातावर पट्टी बसायची. आपल्या भावंडांत ती पट्टी एकट्या माझ्याच वाट्याला आली, आणि बाकीच्यांकडे बघून ते पटतं.)

टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडता जोडता मी साऱ्या जिल्ह्याचं बोलणं ऐकलंय. (ऐकायचं नसतं, पण कान काय काढून टेबलावर ठेवू?) तीन मिनिटांचे पैसे भरून लोक “बघू”, “करू”, “होईल की” एवढंच बोलायचे. ‘नाही’ हा शब्द वापरला तर जास्त दर पडतो, अशी त्यांची समजूत असावी.

तर काल मी ढोकीला शंभुलिंगाकडे गेले होते. सगळे चहा घेत होतो, तोच दारात जीप थांबली. मुलाचे चुलते गुंडप्पा, मुलाची आई, जावई, शेजारी, अशी जीपभर माणसं उतरली. हातात साडी, पेढे आणि सुपारी. लग्न पक्कं करून सुपारी फोडायला आली होती हो! शंभुलिंग पांढराफटक पडला. आणि मग त्यानं काय केलं? सतरंजी अंथरली! गुंडप्पांनी सुपारी फोडायला बत्ता मागितला, तर आपल्या दीपमालावहिनींनी तो धुऊन, पुसून आणून दिला. अर्पिता दाराआडून माझ्याकडे बघत होती. आणखी थोडा वेळ गेला असता, तर आईबापाच्या भिडेपायी पोरगी जळकोटला नांदायला गेली असती.

मी उठले, बत्त्याखालची सुपारी उचलून मुठीत धरली आणि म्हटलं, “पाहुणे, आमच्या अर्पिताला हे लग्न करायचं नाही.”

मग गुंडप्पा म्हणाले, “असं कसं बाई? नको असलं की लोक पत्रिका जमत न्हाय म्हणत्यात. तुमच्याकडनं तसं काय आलंच न्हाय. आमी म्हणलं, व्हयच असंल!” मी म्हटलं, पत्रिका उत्तम जमते, पोरीलाच नकोय. शंभुलिंग भिंतीला टेकला. त्याला वाटलं, आता सात पिढ्यांचं वैर.

आणि अक्का, मुलाची आई काय म्हणाली? “बरं केलंत बाई. मागच्या स्थळानं अख्खा पावसाळा लटकत ठेवलं. फोन वाजला की मी हातातली भाकर टाकून पळायची. तुमी एका झटक्यात मोकळं केलं.” तिनं पेढ्यांचा पुडा माझ्याच पुढं सरकवला. मंडळी दोनदा चहा प्याली, आणि निघताना आपल्या भित्र्या भावाला हुरड्याचं आमंत्रण देऊन गेली! अर्पिता आज सकाळी वेळेवर कामावर गेली. माणसं ‘नाही’नं तुटत नाहीत, हे जिल्ह्यात सिद्ध करून दाखवणारी पहिली बाई मी, असं तुम्ही खुशाल चारचौघींत सांगा.

भावजींना नमस्कार.

तुमची,
महेश्वरी

ता. क. : जीपमध्ये चढता चढता गुंडप्पांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्याकडे मुरूमचं एक स्थळ सांगून आलंय. त्यांना ते नकोय, पण ‘नाही’ म्हणवत नाही. “बाई, तुमीच चला आमच्यासंगं. तुमचं ‘नाही’ लई ग्वाड लागतं.” आता मी काय गावोगाव नकार वाटत फिरू? पण त्यांची भावजय त्याच वेळी मला चौथा पेढा भरवत होती. मी म्हटलं, “बघू.”

पुढच्या गुरुवारी जीप येतेय. तुम्ही मध्यस्थ, फोन करून त्यांना सांगा, की महेश्वरी येणार नाही. मला नाही हो सांगवत. माणसं फार चांगली आहेत.

पुन्हा ता. क. : या पत्राला “बघते” असं उत्तर पाठवू नका.