बाटलीवरचं नाव

३ मार्च
पोहोचले एकदाची मोटुएकाला! बसमधून खाडी दिसली आणि जीव हलका झाला. घर छोटंसं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे तंबाखू वाळवायची जुनी भट्टी. लहानपणी सुट्टीत आम्ही इथे तंबाखूची पानं तोडायला यायचो. बोटं काळी, चिकट व्हायची आणि साबणानेही सुटायची नाहीत. तंबाखू कधीच गेला. आता भट्टीत मेरेआनाचा व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, अर्कांचा छोटासा कारखाना आहे. आयुष्यभर बिस्किटांच्या कारखान्यात चव पाहिली, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरी, तीही घरासकट. मेरेआना तिशीतली, दणकट, हसरी. दारातच म्हणाली, आंटी, नाकाचा विमा उतरवलाय ना? मी म्हटलं, आधी चहा कर, मग नाकाचं बघू.

माझ्या लेकीचा, क्लोडाचा, फोटो खिडकीत ठेवला. तिची ट्रंक पलंगाखाली. माझी बहीण ऊना म्हणत होती, त्या डोंगराजवळ राहायला जाऊ नकोस, टाकाकाच्या घाटातल्या वळणावरच तर क्लोडाची गाडी उलटली. तिला जाऊन बावीस वर्षं झाली. मला उलट इथेच बरं वाटतं. ट्रंक उघडून तिचा शाळेचा स्वेटर हातात घेतला. कॉलरच्या आत मी लाल दोऱ्याने शिवलेली नावाची पट्टी अजून घट्ट आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर फिडेलिस नाव नसलेला मोजासुद्धा आत घेत नसत. मी शाळेत होते तेव्हाही आणि क्लोडाच्या वेळीही.

११ मार्च
कामात रमले. सकाळी वास घ्यायचा, दोन झुरके घ्यायचे (निकोटिन नसलेले), पाण्याने चूळ भरायची, मत सांगायचं. शाळेच्या फाटकावर सिस्टर आमचं तोंड हुंगायच्या, कोणी धूर ओढला का ते पाहायला. आज मला पाहतील तर!

गंमत अशी की प्रत्येक देशाची जीभ वेगळी. मलेशियाला आंबा हवा, पण बर्फासारखा गार. तिथल्या उकाड्यात गारव्याशिवाय फळ कोणी ओढत नाही. आखाताला द्राक्ष-पुदिना आणि सफरचंद. हुक्क्याच्या वासात वाढलेली माणसं ती. इंग्रजांना लहानपणच्या आंबट गोळ्या. ऑस्ट्रेलियाच्या खोक्यात मात्र तंबाखू, पुदिना, मेंथॉल, बस्स. पुढे कायदा जाऊ देत नाही. हॉलंडला तर नुसता तंबाखू. मेरेआना म्हणते, निम्मी चव आजी ठरवते, निम्मी सरकार. आपल्याकडे चवी आहेत, पण बाटलीवर साधं नाव हवं. चित्र नको, गोडगोड नाव नको, पोरांना भुलवेल असं काहीच नको. ते बरंच आहे.

१९ मार्च
माझ्याआधी या कामावर आणि या घरात विल्फ हॉजकिस होते. आता वृद्धाश्रमात असतात. मेरेआनाने त्यांच्यासाठी जॅम दिला, तो घेऊन गेले. त्यांनी केलेला आलूबुखाराचा अर्क अजून सगळ्यात जास्त खपतो. त्यांची बायको एडना दर जानेवारीत आलूबुखाराचा जॅम करायची. तोच वास त्यांनी बाटलीत उतरवला.

पलंगाशेजारी एडनाचा फोटो होता. मी विचारलं, या तुमच्या मिसेस का? त्यांनी सभ्यपणे पाहिलं आणि म्हणाले, कोणाच्या आहेत कळत नाही, नर्सने ठेवल्यात. मग जॅमची बाटली उघडून खोल हुंगलं आणि डोळे भरून आले. निघताना माझा हात धरून म्हणाले, बाई, बाटलीत घातलं की आपल्यात उरत नाही. मेरेआना म्हणते, वय झालं, आंटी, सोडून द्या.

६ एप्रिल
फेजोआ सुरू झाले! फाटकाफाटकांवर त्या हिरव्या, पेरूसारख्या फळांच्या पिशव्या टांगल्यात. कोणी विकत घेत नाही, कोणी विकत नाही. शेजाऱ्याने दोन पिशव्या दिल्या, त्यातली एक मी पोस्टातल्या डेरिलला दिली, तर तो म्हणाला, बाई, दया करा, माझ्याकडे बाथटबभर आहेत.

मेरेआनाला फेजोआचा अर्क हवाय. बाहेरून मागवलेला तिने हुंगवला. शी! संडासाचा साबण. तो करणाऱ्याने हे फळ जन्मात अर्धं कापून चमच्याने खाल्लेलं नाही. मी म्हटलं, मी करते.

क्लोडा शाळेतून आली की टेबलाशी बसून चमच्याने फेजोआ खायची. सालींचा ढीग, ओल्या लोकरीचा वास, शिसपेन्सिलीचा वास. त्या दिवशीही गाडीत फेजोआची पिशवी होती. सगळा रस्ताभर सांडले होते, पोलीस म्हणाले.

१२ एप्रिल
साधलं. फळाच्या अर्कात किंचित लोकर, किंचित देवदाराचं लाकूड, अगदी नखभर मीठ. स्वेटर मांडीवर घेऊन बसले होते. दुपारी चारला, शाळा सुटायच्या वेळी, स्वयंपाकघरात झुरका घेतला.

ती टेबलाशी बसली होती. माझ्याकडे पाठ. वेणी अर्धी सुटलेली. चमचा सालीला घासल्याचा आवाज आला. धूर विरला तशी गेली.

मी जमिनीवर बसून रडले. किती वर्षांनी असं आनंदाने रडले!

१७ एप्रिल
रोज चारला येते. पाठमोरीच. मी काही बोलत नाही, घाबरून जाईल म्हणून.

मेरेआनाने चाखलं. मग नाक पुसत म्हणाली, आंटी, हे काय करून ठेवलंत, मला माझी शाळा आठवली. मी म्हटलं, बाटलीवर ‘क्लोडा’ लिहू या. तिने कपाळावर हात मारला. वेड लागलंय का, आंटी, इन्स्पेक्टर टाळं लावेल. चिकटवलं नुसतं ‘फेजोआ’. पहिला घाणा दोन दिवसांत संपला.

२४ एप्रिल
चर्चमध्ये मिस्सेत एक गाणं आलं. क्लोडा त्यातली एक ओळ हमखास चुकीची म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. कोणती ओळ? सगळं गाणं मनात म्हणून पाहिलं. सापडली नाही.

घरी येऊन डोळ्यांचा रंग आठवत बसले. फोटो काळापांढरा आहे, तिनेच शाळेत धुतलेला. ऊनाला फोन केला. ती म्हणाली, हिरवे गं, नोएलीन, तूच नाही का म्हणायचीस, फेजोआसारखे? मी हो म्हटलं. मला आठवलं नव्हतं.

२८ एप्रिल
पोस्टात डेरिल म्हणाला, बाई, तुमचं ते फेजोआ जबरदस्त. ओढलं की एक मुलगी दिसते. सुटलेली वेणी, चमच्याने खाते, गाणं म्हणते, एक ओळ चुकीची. ती ओळ त्याने गुणगुणून दाखवली.

तीच ओळ. माझी होती ती. आमची होती.

घरी येऊन बाटली मोरीत ओतली.

१ मे
मी ओढत नाही, तरी जातंच आहे. रस्त्यावर कोणी धूर सोडला की माझ्यातलं काहीतरी निघून जातं. आज तिचं पहिलं पाऊल. कुठल्या घरात, कुठल्या गालिच्यावर, काही नाही. रिकामं.

मेरेआनाला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. पांढरी पडली. म्हणाली, विल्फही हेच म्हणायचा, आणि मी त्याची थट्टा करायचे. दुकानातल्या बाटल्या तिने माझ्यासमोर काढल्या. पण ऑकलंडला गेलेली खोकी? त्यांना फोन करते म्हणाली. तिकडे लोक दुकानाबाहेर रांग लावून घेताहेत.

विल्फना सगळं माहीत होतं. त्यांनी सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही.

५ मे
ऊनाचा फोन. आज तिचा वाढदिवस, म्हणाली. मी विचारलं, कोणाचा? मग तिचं रडणं ऐकू आलं. म्हणाली, मी उद्याच निघते, तू काही ओढू नकोस, कुठे जाऊ नकोस.

मला एक मुलगी होती. हे पक्कं आहे. रोज सकाळी जपमाळेच्या आधी म्हणते: मला एक मुलगी होती. नाव सांगायला जाते आणि तोंडात नुसती चव येते. आंबटगोड.

६ मे, सकाळ
झुरका घेतला नाही. बाटली नाही घरात. तरी टेबलाशी कोणी बसलंय.

चमच्याचा आवाज—

मी विचारलं, कोण? ती वळली. हिरवे डोळे. सतराएक वर्षांची. हसली. म्हणाली, आई, किती वेळ बघतेस नुसती, मी आले ना आता.

मी हिला ओळखत नाही. देवा, मी हिला ओळखत नाही.

नंतर
तिला बाहेर काढलं. झाडू उगारून. कडी लावली. ती दाराशीच आहे. टकटक. आई म्हणते. खिडकीत फोटो आहे एका मुलीचा— तीच— इथे कोणी ठेवला?

ऊना दुपारपर्यंत येईल. तोवर उघडायचं नाही.

ती रडते आहे. फार लांबून आले म्हणते. लोक ओढून ओढून मला इथवर घेऊन आले, आणि आता तूच—

विचारलं, नाव काय तुझं? म्हणाली, तूच सांग ना, आई. एकदा सांग, मग मी राहीन.

काय सांगू? डोक्यात एकच शब्द. मी म्हटलं— फेजोआ.

टकटक थांबली.

मग हळूच— थंडी वाजते. माझा स्वेटर तरी दे.

पावलं. वाळूवरून. फाटकाकडे.

स्वेटर. पलंगाखाली ट्रंक— कोणाची— आत एकच आहे, निळा, ओल्या लोकरीचा वास. कॉलर उलटली. पट्टी. लाल दोरा. हे टाके माझे आहेत. माझा हात मी ओळखते. सिस्टर नाव नसलेलं काही आत घेत नसत—

ती फाटकाशी पोहोचली. कडी वाजली फाटकाची.

चष्मा कुठे— अक्षरं— थांब, बाळ, थांब, वाचते आहे मी— क्लो—