चोवीस किलोंची बचत

तीर्थस्वरूप अण्णांना,

साष्टांग नमस्कार. (रीत म्हणून साष्टांग लिहिलं. प्रत्यक्षात महिनाभर कंबर धरल्यामुळे आठापैकी पाचच अंगं जमिनीपर्यंत पोचतात. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढल्यावर नमस्कारसुद्धा मापात कमी देववत नाही, म्हणून हा खुलासा.) तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे डॉक्टरांना तीत काही सापडत नाही, मला सापडतं. घरी सगळं ठीक. दिवसभर फक्त घड्याळाचा आवाज असतो, आणि तेही बरोबर चालतं, त्यामुळे त्याच्याशी भांडायची सोय नाही.

पत्रास कारण की, मागच्या रविवारी मी तुमच्याकडे येऊन गेलो तेव्हा तुम्ही बाहेरगावी होतात. परतल्यावर तुमच्या बहिणीने झाला प्रकार सांगितला असेल. तिच्या सांगण्यात खोटं काही नसणार (खोटं तिला बोलताच येत नाही, ह्याचा मला संसारात फार त्रास झाला), पण तांत्रिक बाजू तिच्याकडून सुटली असणार. ती मांडणं माझं कर्तव्य आहे.

गाडी मी का घेतली हे तुम्ही कधी विचारलं नाही, हा तुमचा मोठेपणा. बाकी सगळ्यांनी विचारलं. निवृत्त माणसाने लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट लागलेली, मागे पंख लावलेली शर्यतीछाप जुनी गाडी घ्यावी ह्याला लोक म्हातारचळ म्हणतात. तो नव्हता. आमचं लग्न झालं त्या वर्षी अशीच एक गाडी रस्त्याने आमच्या अंगाजवळून सुसाट गेली होती. तुमची बहीण थांबली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "एकदा असं जायला पाहिजे." कुठे, ते म्हणाली नाही. ते वाक्य मी छत्तीस वर्षं लक्षात ठेवलं आणि लक्षात ठेवलंय हे तिला एकदाही सांगितलं नाही. (आता वाटतं, सांगितलं असतं तर गाडी घ्यावीच लागली नसती.) गाडी दारात आली तेव्हा ती हसली. त्या गाडीत बसताना माणूस पडतो आणि उतरताना त्याला दोघांनी ओढावं लागतं, तरी हसली. मग आम्ही टाकी गळ्यापर्यंत भरून फिरायला निघालो, परतताना चौकातल्या पंपावर ती पुन्हा भरली, आणि तिथेच माझं नशीब फुटलं. भरलं की मोजायचं, ही माझी सवय. लिटरला सात पूर्णांक दोन किलोमीटर.

गाडी पाहिली की लोक एकच विचारतात, "किती देते?" जशी काही दुभती म्हैसच. माझी गाडी देत काही नव्हती, नुसती पीत होती. त्या दिवसापासून मला रस्ता दिसेना, पेट्रोलचा काटाच दिसायला लागला. चढ आला की छातीत धडधड. पुढे ट्रक आला की दुःख, कारण ब्रेक लावणं म्हणजे जाळलेल्या पेट्रोलवर पाणी सोडणं. ती म्हणायची, "तो तलाव बघा ना," आणि मी म्हणायचो, "थांब, गाडी टॉप गिअरला येऊ दे." चार वेळा निघालो, चारही वेळा अर्ध्या वाटेवरून परत आलो. चौथ्या वेळी घराची किल्ली तिच्याकडे होती. दारात कुलूप उघडता उघडता म्हणाली, "आपण गाडीत कधी बसलोच नाही हो. टाकीत बसलो." दुसऱ्या दिवशी, चार दिवस अण्णांकडे जाऊन येते म्हणून गेली. त्याला काल एकशे त्रेसष्ट दिवस झाले. चार दिवसांच्या मापात एवढी तफावत मी कुठल्या वाण्याच्या दुकानातही पाहिलेली नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने स्वतःचं बोलणं सुधारलं असतं. मी गाडी सुधारायला घेतली. माझं गणित सरळ होतं: ॲव्हरेज वाढलं की माझी कुरकुर संपेल, कुरकुर संपली की ती परत येईल. ह्यात चूक कुठे आहे ती दाखवा. मला अजून सापडलेली नाही, आणि उत्तर तर चुकलेलं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रींनी आयुष्यभर गाड्या जास्त पळाव्यात म्हणून उघडल्या. कमी प्यावी म्हणून गाडी आणणारा मी पहिलाच. मागचा पंख काढायला सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "साहेब, ह्याच्यामुळे तर ती तशी दिसते." मी म्हणालो, दिसण्याचे दिवस संपले. मग पुढच्या जाळीतून वारा शिरून गाडीला अडवतो असं वाचनात आलं, म्हणून जाळीवर पुठ्ठा चिकटवला. वारा अडला, इंजिनाला लागणाराही अडला, आणि भर बाजारात बॉनेटमधून अशी वाफ निघाली की शेजारच्या टपरीवरच्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, "कप केवढ्याला?" चाकं सपाट असली की हवा कापतात म्हणून त्यांवर पिंपांची चपटी झाकणं बसवली. त्यातलं एक उतारावर सुटलं आणि बराच वेळ माझ्या पुढे धावत राहिलं. (त्याला पेट्रोल लागत नव्हतं.) ए.सी.चा पट्टा काढला. काचा मात्र बंद ठेवायच्या, कारण उघड्या काचेतला वारा गाडीला मागे ओढतो. आत मी शिजत असे. ॲक्सिलरेटरखाली लाकडाचा ठोकळा ठोकून घेतला, म्हणजे पाय मोहात पडला तरी गाडी पन्नासच्या वर जायची नाही. एकदा चढावर एक सायकलवाला शेजारी आला, काचेवर टकटक करून काही मदत हवी का विचारलं आणि पुढे निघून गेला. पण आकडा हलला. सात पूर्णांक दोनचे आठ पूर्णांक एक झाले. मग मागचा बाक, स्टेपनी, जॅक, स्पीकर, पायपुसणी, सगळं उपसलं. प्रत्येक वस्तू माझ्या स्वतःच्या काट्यावर तोलून मगच बाहेर ठेवली. नऊ पूर्णांक चार. आता गाडीत दोन सीटा उरल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर कुणी बसत नव्हतं. चोवीस किलो भरली. नऊ पूर्णांक सात.

दर रविवारी मी तिला फोनवर आकडा कळवत होतो. ती "बरं" म्हणायची. (तिचा "बरं" तुम्हाला माहीत आहे. त्यात होकार, नकार आणि फोन ठेवण्याची इच्छा एकत्र असते.) शेवटी मिस्त्रींनी एका भंगारात निघालेल्या छोट्या गाडीची अरुंद चाकं आणली. ही हलकी, रस्त्याला कमी घासणारी. बसवताना ते काहीतरी सांगायला लागले होते, "साहेब, चाक लहान झालं की मीटर..." मी म्हणालो, "मापाचं मला शिकवू नका." ते बोल्ट आवळत राहिले. आकडा आला अकरा पूर्णांक चार. मी दोनदा मोजला. रविवारची वाट न पाहता फोन केला. ती म्हणाली, "बरं. मग गाडी घेऊन या रविवारी."

अण्णा, सगळी गोम ह्या वाक्यात आहे. "गाडी घेऊन या." मी आयुष्यभर लोकांना म्हणत आलो, तराजू घेऊन या, पट्टी घेऊन या, लिटरचं माप घेऊन या. त्याचा अर्थ एकच, तपासणी आहे. मला वाटलं तिला गाडी पाहायची आहे. म्हणून जशी मोजली तशीच आणायची, एक बोल्टही इकडचा तिकडे करायचा नाही, असं ठरवलं. शनिवारी गाडी धुतली. तुमच्या घरापर्यंत अंतर एकशे बहात्तर, भागिले अकरा पूर्णांक चार, पंधरा लिटर आणि थोडं वर. मी टाकी रिकामी करून साडेपंधरा मोजून घातलं. जास्तीचं पेट्रोल म्हणजे जास्तीचं ओझं. सकाळी सातला निघालो, अकराला पोचणार होतो. वाटेतले दगड पाहिले नाहीत, मीटर पाहत होतो. काटा शून्याला टेकला तेव्हा मी काट्याला खोटं ठरवलं, कारण हिशेब माझा होता. आणि मग गाडी एक उचकी देऊन थांबली. मीटरवर एकशे शहात्तर. म्हणजे मीटरप्रमाणे मी तुमचं घर ओलांडून चार किलोमीटर पुढे गेलो होतो. रस्त्याकडेच्या दगडावर मात्र लिहिलं होतं, अजून बावीस.

दगडावर बसल्यावर मला मिस्त्रींचं वाक्य पुरं करता आलं. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्यात ते जास्त फिरतं, आणि मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही. म्हणजे नव्या चाकांनी थेंबभरसुद्धा वाचलं नव्हतं. गाडी नऊ पूर्णांक सातच देत होती, उरलेलं मी स्वतःला देत होतो. नोकरीत असताना एका कापडवाल्याची मीटरपट्टी मी जप्त केली होती, दोन सेंटिमीटर आखूड. तो हात जोडून सांगत होता, "साहेब, वडिलांच्या वेळची पट्टी आहे हो, मला ठाऊकच नव्हतं, माझ्या मुलींचे कपडेसुद्धा हिच्यावरच मापले." मी म्हणालो होतो, सगळे असंच सांगतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याचाच मला पगार होता. माझ्या मुसळाकडे कुणी निरीक्षक नेमला नव्हता. मला खरंच ठाऊक नव्हतं, अण्णा. असं होऊ शकतं. त्या माणसावर विश्वास ठेवायला हवा होता.

डबा मागण्यात, पंपापर्यंत चालण्यात आणि परत येण्यात तीन तास गेले. तुमच्या दारी पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. ती पायरीवर बसली होती आणि शेजारी बॅग होती. (मला वाटलं तुम्ही बाहेरगावाहून आलात, तुमची असेल.) साडेदहापासून ती तिथे बसली होती, हे वहिनींनी नंतर सांगितलं. उशीर का झाला हेसुद्धा तिने विचारलं नाही. बॅग घेऊन सरळ गाडीकडे आली, स्वतःच दार उघडलं. आत सीटच्या जागी चार बोल्टांची भोकं आणि उघडा पत्रा. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, मी कुठे बसू?"

ह्या प्रश्नाची शंभर उत्तरं होती. घरी परतताना वाटेत ती सगळी मला सुचली, काही तर मी मोठ्याने म्हणूनही पाहिली. त्या वेळी मी म्हणालो, "चोवीस किलो वाचले."

ती हसायला लागली. दाराला धरून हसत होती. झालं, सुटलो, असं वाटून मीही हसलो. मग मला दिसलं की ती हसत नाहीये. बॅग उचलून ती आत गेली. वहिनींनी मला चहा दिला, आणि मी तो प्यायलो, कारण तो दिलेला होता. परत येताना मीटरकडे पाहिलं नाही. शेजारच्या पत्र्याकडे मात्र नजर जात राहिली. एकशे बहात्तर किलोमीटर तसं बघत गाडी चालवू नये, माणसाला फार वाईट वाटतं.

तर मुद्दा एवढाच, की सीट काढली ती तिची म्हणून काढली नाही. रिकामी होती म्हणून काढली. (हे कारण लिहून झाल्यावर मलाच पटेना, पण खोडत नाही. खाडाखोड केलेला कागद आमच्या खात्यात धरत नसत.) तुम्ही वडीलधारे आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. तांत्रिक बाजू तुम्ही तिला नीट समजावून द्यावी आणि माझ्यावर ठेवलेला, मी तिला न्यायला नव्हे तर गाडी मिरवायला आलो, हा आरोप मागे घ्यायला सांगावं. तिने असा आरोप केलाय की नाही हे मला माहीत नाही. मी तिच्या जागी असतो तर केला असता.

वहिनींना नमस्कार. माया कमी पडली असेल तर ती तूट माझ्या नावावर धरा, आणि उरली असेल तेवढी राहू द्या.

आपला,
(अजून तरी) मेहुणा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. तिने विचारलं तर लपवू नका. विचारलंच नाही, तर तिच्या चष्म्याजवळ ठेवून विसरून जा.

ता. क. २. वर लिहायचं राहिलं. गाडी परवा विकली. घेणारा तरुण होता, ती किती देते हे त्याने विचारलंच नाही. मीच खरा आकडा सांगितला. तो म्हणाला, "काका, असली गाडी कोण त्यासाठी घेतं?" त्याची बायको सोबत होती. तिला बसायचं होतं म्हणून मिस्त्रींनी सीट परत बसवून दिली. चार बोल्ट. पंधरा मिनिटं लागली. ती दोघं गेली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. तेव्हा तांत्रिक बाजू समजावण्याची तसदी आता घेऊ नये.

ता. क. ३. तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. मीच तिकडे येऊ का, एवढं तिला विचारून कळवा. बसने येईन. बाहेरच्या खोलीतही चालेल. नाही म्हणाली तर तसं स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही. हो म्हणाली तर किती दिवसांसाठी, ते तिलाही विचारू नका.